सेंट अँटनी नावाची बोट आणि 1976 चा कायदा

प्रति,
संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीचे सन्माननीय सदस्य,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात जन्मलो, वाढलो आणि निवृत्तीनंतर पुन्हा तिथंच येऊन राहिलो आहे. मधली 33 वर्षं व्यापारी जहाजांवर गेली, त्यातली शेवटची 11 तेलवाहू जहाजांचा कप्तान म्हणून. आखातात तेल भरायचं, होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडायची आणि कच्छच्या आखातात वाडीनारला येऊन थांबायचं. एवढी मोठी जहाजं तिथं धक्क्याला लागत नाहीत. खोल पाण्यात एक भला मोठा बोया तरंगत असतो. त्याला जहाजाचं नाक बांधायचं, तरंगत्या नळ्या जोडायच्या आणि तेल सोडायचं. ते तेल आधी किनाऱ्यावर आणि तिथून जमिनीखालच्या नळातून, विरमगाममार्गे, आमच्या कोयलीच्या रिफायनरीपर्यंत येतं. सुट्टीवर घरी आलो की रात्री गच्चीवरून कोयलीची ज्योत दिसायची. मी मुलांना सांगायचो, यातलं थोडं तेल मी आणलंय.

समुद्र बडोद्यापासून लांब आहे असं त्यामुळे मला कधी वाटलं नाही. द्वारका, बेट द्वारका आणि ओखा ही गायकवाडांच्या राज्यातली ठाणी होती. ओख्याचं बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात, 1926 साली उभं राहिलं. त्याच्या कितीतरी आधी बिलीमोऱ्याला बडोदे सरकारचं आरमार असे. पुढे 1971 च्या युद्धात ओखा हेच आपल्या क्षेपणास्त्र नौकांचं पुढचं ठाणं होतं. हे सगळं आमच्या शहराच्या विस्मरणात गेलं आहे, पण तो विषय वेगळा.

आपल्याला लिहितो आहे तो एका कायद्यासाठी. 2025 साली संसदेनं बंदरांचा 1908 चा कायदा बदलला, व्यापारी जहाजांचा 1958 चा कायदा बदलला. माझ्यासारख्या जहाजावरच्या माणसाला त्याचा मनापासून आनंद झाला. पण आपला समुद्र कुठपर्यंत आहे, त्यात कोणाला काय करता येतं आणि कोणाला कुठं अडवता येतं, हे सांगणारा मूळ कायदा 1976 चाच आहे. सागरी क्षेत्रांचा कायदा असं त्याला थोडक्यात म्हणू. तो झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कराराच्या वाटाघाटी अजून चालू होत्या. करार 1982 मध्ये झाला आणि भारतानं त्याला 29 जून 1995 रोजी मान्यता दिली. घरातला कायदा मात्र कराराच्या आधीचा तो आधीचाच राहिला. दोघांमध्ये काही ठिकाणी उघड फरक आहेत, आणि ते फरक कागदावर राहत नाहीत. नौदलाच्या नौकेच्या ब्रिजवर, म्हणजे नौका चालवण्याच्या कक्षात, उभ्या असलेल्या अधिकाऱ्यापर्यंत, मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत ते जातात. समितीनं हा कायदा आणि तो करार शेजारी शेजारी ठेवून कलमागणिक तपासावा आणि अहवाल संसदेपुढे मांडावा, एवढी माझी विनंती आहे. ती का, ते सविस्तर सांगतो.

सुरुवात 2010 पासून करावी लागेल. सोमालियाच्या चाच्यांनी तेव्हा अरबी समुद्रात धुमाकूळ घातला होता. जहाज कंपन्यांच्या संघटनांनी आणि विमेवाल्यांनी नकाशावर 'अतिधोक्याचं क्षेत्र' आखलं होतं. 2010 साली त्याची पूर्वेची हद्द थेट 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत सरकवण्यात आली. नकाशा उघडून पाहा. ती रेषा कन्याकुमारीच्याही पूर्वेला पडते. म्हणजे गुजरातपासून केरळपर्यंतचा आपला सगळा पश्चिम किनारा एका झटक्यात चाच्यांच्या प्रदेशात गणला गेला. ही रेषा कुठल्याही देशाच्या संसदेनं केलेली नव्हती, कुठल्या करारात नव्हती. तरी जहाजावर तिची सत्ता कायद्यासारखीच चालली. तिच्या आत शिरलं की विम्याचा जादा हप्ता, कठड्याभोवती काटेरी तारांची वेटोळी, दोन्ही बाजूंना पाण्याचे पाइप सोडून ठेवलेले, रात्री दिवे बंद, आणि चाचे वर चढलेच तर सगळ्यांनी आत कोंडून घ्यायची एक मजबूत खोली. मी हे सगळं केलं आहे. डेकवर बॉयलर सूट घातलेले पुतळे उभे केले आहेत, लांबून पहाऱ्यावर माणसं आहेत असं वाटावं म्हणून.

त्या रेषेचा परिणाम असा झाला की खोल समुद्रातून जाणारी जहाजं आपल्या किनाऱ्याला चिकटून जाऊ लागली. किनाऱ्याजवळ तटरक्षक दल असतं, तिथं जास्त सुरक्षित, हा हिशेब. आणि किनाऱ्याजवळ काय असतं? आपले मच्छीमार असतात. कोल्लमच्या बाजूला संध्याकाळी किती बोटी असतात ते मी पाहिलं आहे. पाण्यात जाळं पसरलेलं असतं, आणि एवढं मोठं जहाज ते फाडून जाईल या भीतीनं बोट जहाजाच्या दिशेनं येते, माणसं उभी राहून हात हलवतात, ओरडतात. ज्याला हा किनारा माहीत आहे त्याला कळतं की हा माणूस स्वतःचं जाळं वाचवतो आहे. ज्याला माहीत नाही आणि ज्याच्या हातात बंदूक आहे, त्याला तो चाचा वाटतो.

15 फेब्रुवारी 2012 रोजी तेच झालं. 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावर इटलीच्या नौदलाचे सैनिक पहाऱ्याला होते. केरळच्या किनाऱ्यापासून साधारण साडेवीस सागरी मैलांवर त्यांनी 'सेंट अँटनी' या मच्छीमार बोटीवर गोळ्या झाडल्या. बोटीवरचे दोघे मरण पावले.

आपल्या समितीतल्या अनेकांना हे प्रकरण पाठ असेल. तरीही त्यातलं एक वळण मी पुन्हा सांगतो, कारण माझ्या पत्राचा गाभा तिथं आहे. साडेवीस मैल म्हणजे 12 मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या बाहेर, पण 24 मैलांपर्यंतच्या संलग्न पट्ट्याच्या आत. या पट्ट्यात किनाऱ्याच्या देशाला काय करता येतं? करार सांगतो: जकात, कर, परदेशी माणसांची ये-जा आणि आरोग्य, या चार बाबतींतले नियम मोडणाऱ्याला अडवता येतं, शिक्षा करता येते. आपला 1976 चा कायदा त्यात 'सुरक्षा' हा शब्द घालतो. करारात तो शब्द नाही. मग सुरुवातीचा बराच काळ खटला कोणाचा यावरच गेला. केरळ पोलिसांनी गुन्हा नोंदवला. जानेवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा आहे. त्यानंतर कोणत्या कायद्याखाली खटला चालवायचा यावर काथ्याकूट झाला. इटली आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. निकाल 2020 मध्ये जाहीर झाला. सैनिकांना सरकारी कामावर असल्याचं संरक्षण आहे, म्हणून भारताला त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही, असं लवादानं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. 2021 मध्ये 10 कोटी रुपये भरपाई जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण बंद केलं. प्रत्येक कुटुंबाला 4 कोटी, बोटीच्या मालकाला 2 कोटी.

बातम्यांमध्ये आपण हरलो असं आलं. मला ते अर्धवट वाटतं. ही भरपाई भारताला कशाच्या जोरावर मिळाली? इटलीनं 'सेंट अँटनी'च्या मुक्त नौकानयनाचा हक्क मोडला, असा त्याच लवादाचा निर्णय होता. हा शब्द आपण ऐकतो तो अमेरिकेच्या विनाशिका कुठून तरी निघून गेल्या की. चर्चांमध्ये तो मोठ्या आरमारांचा शब्द होऊन बसला आहे. इथं तो एका मच्छीमार बोटीचा हक्क ठरला. त्या दोन कुटुंबांसाठी समुद्राच्या कायद्यातलं जे कलम कामाला आलं, ते हे होतं. आपल्या 1976 च्या कायद्यात आपण जादा घातलेला 'सुरक्षा' हा शब्द त्यांच्या उपयोगी पडला नाही.

मी वकील नाही. पण 33 वर्षं समुद्रावर काढल्यावर कळतं की जहाज चालतं ते इंजिनावर आणि हक्कांवर. ब्रिजवर रेडिओ लावून बसलं की पहिला प्रश्न येतो: नाव काय, ध्वज कुठला, कुठून कुठं. ध्वज कुठला, यावर पुढचं सगळं ठरतं. माझ्या शेवटच्या जहाजाच्या पिछाडीला मन्रोव्हिया असं नोंदणीचं बंदर रंगवलेलं होतं. मन्रोव्हिया मी कधी पाहिलं नाही, त्या जहाजानंही पाहिलं नाही. मालक ग्रीक, माल भारताचा, खलाशी बहुतेक भारतीय, आणि कायद्यानं जहाज लायबेरियाचं. खोल समुद्रात त्याच्यावर हुकूम चालतो तो फक्त लायबेरियाचा. जून 2019 मध्ये आपल्या नौदलानं 'ऑपरेशन संकल्प' सुरू केलं आणि होर्मुझमधून भारतीय ध्वजाच्या जहाजांना सोबत द्यायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात इराणनं ब्रिटिश ध्वजाचं 'स्टेना इम्पेरो' ताब्यात घेतलं. त्यावरच्या 23 जणांपैकी 18 भारतीय होते. आपल्या युद्धनौका त्याच पाण्यात असताना त्या मुलांच्या आयांना आपण फक्त दूतावासामार्फत धीर देऊ शकलो. नौदलाचं बळ कमी होतं म्हणून नव्हे. ध्वज आपला नव्हता. आपल्या तेलाचा किती भाग परक्या ध्वजाखाली येतो, हा प्रश्न म्हणूनच अर्थखात्याइतकाच नौदलाच्या मुख्यालयाचाही आहे. भारतीय ध्वजाखाली जहाजं वाढवणं हे आरमार वाढवण्याचंच एक अंग आहे, असं मी म्हणतो.

आमच्या सुरसागर तलावाच्या पाळीवर संध्याकाळी बसणारी मंडळी मला नेहमी विचारतात, चीनशी भांडण झालं तर मलाक्काची सामुद्रधुनी बंद करून का टाकत नाही? टीव्हीवरही हे सर्रास बोललं जातं. पहिली गोष्ट, मलाक्का आपली नाही. तिचे काठ इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूरचे आहेत. आपलं टोक ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट, आणि तिथून सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास. दुसरी गोष्ट, आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या सामुद्रधुनीतून न थांबता पलीकडे जाण्याचा हक्क सर्व जहाजांना आणि पाणबुड्यांना आहे, आणि काठावरच्या देशालाही तो शांततेत स्थगित करता येत नाही. युद्ध झालंच तर शत्रूचा माल अडवता येतो, नाकेबंदीही करता येते, पण कागदावरची नाकेबंदी चालत नाही. ती खरोखर लागू करण्याएवढं बळ प्रत्यक्ष जागेवर हवं, हा नियम 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यापासूनचा आहे. आणि त्या वाटेनं जपानचं तेल जातं, कोरियाचं जातं, आपला स्वतःचा पूर्वेकडचा व्यापार जातो. मायबोलीत सांगायचं तर शेजाऱ्याचं नाक दाबायला जाऊन आपलंच तोंड बंद व्हायचं. निकोबारजवळच्या आपल्या नौकांचं खरं काम पाहणं, ओळखणं, नोंद ठेवणं आणि वेळ आली तर कायद्यानं ज्याला थांबवता येतं त्यालाच थांबवणं, हे आहे. त्या कामाला तोफांबरोबर समुद्राचा कायदा तोंडपाठ असलेले अधिकारी लागतात.

कायदा तर जहाजांचा आकारसुद्धा ठरवतो. आपली 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका आधी सोव्हिएत नौदलाची होती आणि काळ्या समुद्रावरच्या गोदीत बांधली होती. 1936 च्या माँत्रो करारानं तुर्कस्तानच्या सामुद्रधुनीतून विमानवाहू नौकांना वाट ठेवलेली नाही. सोव्हिएत संघ आपल्या अशा नौकांना 'विमानवाहू क्रूझर' म्हणत असे, आणि त्यांच्या पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रांच्या नळ्या असत. त्या नावामागे कराराची सोय होती, असं अनेक अभ्यासक मानतात. आपण ती नौका घेतली तेव्हा त्या नळ्या काढून तिथं विमानांसाठी वर उचललेला डेक बांधावा लागला. आपल्या जन्माच्या आधीचा एक करार आपल्या नौकेच्या पोलादात असा शिल्लक राहतो.

कायदा नसला की काय होतं, तेही आपण अनुभवलं आहे. नोव्हेंबर 1999 मध्ये तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'नं आणि नौदलाच्या 'प्रहार'नं 'अलोंड्रा रेनबो' या पळवलेल्या जहाजाचा पाठलाग केला आणि चाच्यांना जिवंत पकडून मुंबईला आणलं. जगभर वाहवा झाली. सत्र न्यायालयानं 2003 मध्ये शिक्षा दिली. 2005 मध्ये उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. चाचेगिरी हा गुन्हा म्हणून सांगणारा कायदाच आपल्याकडे नव्हता. जहाजांवर आम्ही तेव्हा हे बोलायचो तेव्हा आवाज खाली जायचा. समुद्रावर जीव धोक्यात घालून माणसं पकडायची आणि किनाऱ्यावर ती सोडून द्यायची, हे कुठल्या नौसैनिकाला सांगणार?

यात आपल्याच समितीचं मोठं काम आहे, ते मला मुद्दाम नोंदवायचं आहे. चाचेगिरीविरोधी विधेयक आपल्या समितीकडे आलं, आपण ते तपासलं, 2021 मध्ये अहवाल दिला आणि 2022 मध्ये कायदा झाला. मार्च 2024 मध्ये 'कोलकाता' या आपल्या विनाशिकेनं 'रुएन' हे अपहृत जहाज सोमालियाच्या बाजूला गाठलं. हवाई दलाच्या विमानातून मरीन कमांडो समुद्रात उतरवले गेले. सुमारे 40 तासांनी 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुखरूप सुटले. त्या 35 जणांना मुंबईला आणून पोलिसांच्या हवाली केलं गेलं, आणि या वेळी पोलिसांकडे गुन्हा नोंदवायला एक नीट कायदा होता. 1999 आणि 2024 मध्ये आपल्या नौसैनिकांच्या हिमतीत काडीचा फरक नव्हता. फरक होता तो आपल्या समितीनं हाताळलेल्या त्या मसुद्याचा. म्हणूनच हे पत्र मी कुठल्या मंत्रालयाला नाही, आपल्याला लिहितो आहे.

आता सगळ्यांत अवघड भाग. 7 एप्रिल 2021 रोजी 'जॉन पॉल जोन्स' ही अमेरिकेची विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला 130 सागरी मैलांवरून गेली आणि आम्ही भारताची परवानगी न मागता गेलो, हे अमेरिकेनं स्वतःच जाहीर केलं. देशात संताप झाला, मलाही आला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं आपली भूमिका सांगितली: आमच्या 200 मैलांच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या मासळी-तेलासारख्या संपत्तीवर आमचा हक्क आहे त्या पट्ट्यात, परक्या देशांना आमच्या संमतीशिवाय लष्करी सराव करता येत नाहीत. 1995 मध्ये करारावर मान्यतेची मोहर लावताना आपण हेच लेखी जाहीर केलं होतं. ब्राझील, मलेशिया, बांगलादेश आणि पाकिस्तान यांनीही साधारण असंच म्हटलं आहे. चीन कृतीनं तसंच वागतो. आणि जिच्यावर आपण रागावलो, त्या अमेरिकेनं तर हा करार अजून मान्यच केलेला नाही.

पण जुलै 2011 आठवा. आपली 'ऐरावत' ही युद्धनौका व्हिएतनामच्या भेटीदरम्यान तिथल्या किनाऱ्यापासून साधारण 45 मैलांवर असताना रेडिओवर कोणीतरी तिला सांगितलं की तुम्ही चीनच्या पाण्यात शिरत आहात. आपण ठाम राहिलो आणि आंतरराष्ट्रीय पाण्यात मुक्त नौकानयनाचा हक्क सर्वांना आहे, असं सांगितलं. 2014 मध्ये लवादानं बंगालच्या उपसागरातल्या वादग्रस्त 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशला दिले. आपण निकाल स्वीकारला. त्याचा मला अभिमान आहे. आपल्यापेक्षा लहान शेजाऱ्यापुढे मोठ्या देशानं कायद्यापुढे मान तुकवली, आणि आज दक्षिण चीन समुद्राबद्दल चीनच्या विरोधात गेलेला 2016 चा लवादाचा निवाडा पाळा असं फिलिपिन्सच्या बरोबरीनं म्हणायचा अधिकार आपल्याला त्यातूनच मिळाला. फिलिपिन्सला आपण ब्राह्मोस क्षेपणास्त्रं दिली त्याच्या मुळाशीही हाच विश्वास आहे.

मग आपल्याच दारात आपण काय म्हणतो? 1976 चा कायदा सांगतो की परदेशी युद्धनौकेनं आपल्या 12 मैलांच्या समुद्रातून जायचं तर आधी कळवावं. करारात तशी अट नाही. तिथं निरुपद्रवी जाण्याचा हक्क युद्धनौकेलाही आहे, पाणबुडीनं मात्र वर येऊन ध्वज दाखवायचा. दक्षिण चीन समुद्रात आपण ज्या शब्दांत बोलतो आणि लक्षद्वीपला ज्या शब्दांत बोलतो, ते शब्द जुळत नाहीत. हे परक्यांच्या लक्षात आलेलं आहे. आपल्या तरुण अधिकाऱ्यांनी परिषदेत उभं राहून उत्तर देताना अडखळावं, असं मला वाटत नाही.

माझं मत सांगतो. कळवण्याची अट काढावी. परकी विनाशिका 12 मैलांतून सरळ निघून गेली तर आपलं काही बिघडत नाही, आपली रडार ती पाहतातच. ती थांबली, सराव करू लागली, टेहळणी करू लागली तर ते जाणं निरुपद्रवी राहत नाही आणि करारच आपल्याला तिला बाहेर काढायचा अधिकार देतो. संलग्न पट्ट्यातला 'सुरक्षा' हा शब्दही काढावा, त्याचा उपयोग काय झाला ते वर लिहिलं आहे. पण संशोधनाच्या नावाखाली येणाऱ्या जहाजांबाबत तसूभरही मागे हटू नये. सप्टेंबर 2019 मध्ये 'शी यान 1' हे चिनी संशोधन जहाज अंदमानजवळच्या आपल्या आर्थिक क्षेत्रात शिरलं आणि नौदलानं त्याला परत घालवलं. तिथं आपल्या मागे करार आहे: आर्थिक क्षेत्रात सागरी संशोधनाला किनाऱ्याच्या देशाची संमती लागते. ज्या जागी कायदा खणखणीत आपल्या बाजूचा आहे, तिथंच जोर लावला तर तो जोर टिकतो. याहून वेगळं मत समितीचं असू शकतं, नौदलाचं तर असेलच. पण ते उघडपणे मांडलं जावं, संसदेत बोललं जावं.

आणि एक गोष्ट, जी मला रात्री जागं ठेवते. ओखा, पोरबंदर, वेरावळ, जाफराबाद आणि दीवच्या बोटी. कच्छ आणि पाकिस्तानमधल्या सर क्रीक या खाडीतली सीमारेषा ठरलेली नाही, म्हणून तिच्यापुढची समुद्रातली रेषाही ठरलेली नाही. मासा रेषा पाहत नाही. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या नौका आपल्या बोटी ओढून नेतात, तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं राहतात. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात आणि त्या याद्यांत मच्छीमार असतातच. आपल्याकडेही त्यांचे मच्छीमार असतात, हे लपवून काय करायचं.

समुद्र कराराच्या 73 व्या कलमात लिहिलं आहे की आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही, दोन्ही देशांनी वेगळं ठरवलं असेल तरच देता येते. तारण घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडायची, असंही त्यात आहे. पाकिस्तानही 1997 पासून या कराराचा सदस्य आहे. आपला 1981 चा परदेशी बोटींच्या मासेमारीचा कायदाही हाच फरक करतो: प्रादेशिक समुद्रात तुरुंगवास होऊ शकतो, त्यापुढच्या आर्थिक क्षेत्रात फक्त दंड. बोट नेमकी कुठं पकडली, बारा मैलांच्या आत की बाहेर, यावर एका माणसाची काही वर्षं अवलंबून असतात. म्हणून प्रत्येक बोटीवर जागा नोंदवणारं उपकरण हवं, ती नोंद पुरावा म्हणून आपल्या सरकारनं जपावी, आणि प्रत्येक अटकेच्या वेळी 73 व्या कलमाचं नाव घेऊन लेखी मागणी करावी. आपणही त्यांच्या माणसांना त्याच मापानं वागवावं. दोन्ही देशांमधले प्रश्न दोघांनीच सोडवायचे हे आपलं धोरण मला मान्य आहे. 73 वं कलम दोघांच्या बोलण्यातही आणता येतं, त्यासाठी तिसऱ्या कोणाकडे जायची गरज नाही.

ज्या समुद्रावरून जगाचा हा कायदा सुरू झाला तो आपलाच समुद्र, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. 1603 मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज गलबत लुटलं. त्या लुटीची बाजू मांडायला डच कंपनीनं ह्यूगो ग्रोशियस नावाचा तरुण वकील नेमला आणि 1609 मध्ये त्याची छोटी पुस्तिका छापली गेली: समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नाही. पोर्तुगीज तेव्हा हिंदी महासागरात कार्ताझ नावाचे परवाने विकत होते, परवाना नसलेलं जहाज लुटत होते. पुढच्या शतकात कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचं दस्तक सुरू केलं तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. परवाना पोर्तुगीजांचा असला तर कायदा, मराठ्यांचा असला तर चाचेगिरी. कुलाब्याच्या त्या सरखेलाजवळ गलबतं होती, तोफा होत्या, दर्यावर्दी होते. त्याच्या बाजूनं कायदा लिहिणारा मात्र कोणी नव्हता. आज आपल्याकडे लिहिणारे आहेत, लिहायची जागाही आहे, आणि ती आपली समिती आहे.

समितीनं हा विषय हाती घेतला आणि जहाजावरच्या माणसाची साक्ष हवी असली, तर मी स्वखर्चानं दिल्लीला येईन. 2010 ते 2014 या काळातल्या माझ्या प्रवासांच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. कोणत्या दिवशी कुठल्या रेषेवरून वळलो, किनाऱ्यापासून किती मैलांवर गेलो, किती मच्छीमार बोटी समोर आल्या आणि कितींना वाट दिली, हे सगळं त्यात माझ्या हस्ताक्षरात आहे. त्या मी सोबत आणीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कप्तान
दांडिया बाजार, वडोदरा